पंख जोडून भागत नाही

संक्रांत झाली की पतंग खाली येतात, मांजा वरच राहतो. बाभळीत, लिंबात, विजेच्या तारांवर, शाळेच्या झेंड्याच्या खांबावर तो गुंतून राहतो आणि नायलॉनचा असला तर उन्हापावसातही लवकर तुटत नाही. त्यामुळे आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मांजानं कापलेली घार १४ जानेवारीला सापडते तशी होळीलाही सापडते आणि कधीकधी पेरणीच्या दिवसांतही. मी जनावरांची डॉक्टर आहे. श्रीगोंदा तालुक्यात माझा लहानसा दवाखाना आहे. रोजचं काम गायी-म्हशी आणि शेळ्यांचं: अडलेली गाय, सुजलेली कास, पोट फुगलेलं करडू. पण शेतात किंवा रस्त्याकडेला पक्षी पडलेला दिसला की पोरं त्याला खताच्या पिशवीत घालून माझ्याकडं घेऊन येतात. पक्ष्याला टाके घालता येतात, त्याचं मोडलेलं हाड सळई घालून जोडता येतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. टाके घातले की खरं काम सुरू होतं, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असतं.

पतंगाचं वेड आमच्याकडं मोठं आहे. कोपरगावच्या पलीकडं, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात, भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. नगर शहरातही त्या दिवसांत गच्च्या भरतात. सुताच्या दोऱ्यानं पक्षी जखमी होत नव्हते असं नाही, पण तो दोरा तुटायचा. नायलॉन तुटत नाही, वर त्याला काचेचा चुरा लावलेला असतो. राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो, दरवर्षी माणसांचे गळे कापल्याच्या बातम्याही येतात.

मांजा पक्ष्याला नेमका कुठं कापतो हे एकदा पाहिलं की विसरत नाही. घारीचा पंख हळूच उघडून धरला तर खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला कातडीची एक पातळ झालर ताणलेली दिसते. तिच्या आतून लवचीक कंडरा जाते. पंख उघडला की ही झालर ताठ होते आणि तिच्याच आकारामुळे हवा पक्ष्याला उचलून धरते. उडणारी घार दोऱ्यावर आदळते ती याच कडेनं. पहिल्या धडकेत कातडी फाटते. घार सुटायला तडफडते, दोरा पंखाला आणखी एक वेढा घालतो आणि प्रत्येक फडफडीला करवतीसारखा आत उतरत जातो. झालर कापली, कंडरा तुटली, त्याखालचा स्नायू कापला आणि दोरा हाडापर्यंत पोचला, अशा अवस्थेत पक्षी झाडावर उलटा लटकत राहतो. कोणाच्या तरी नजरेला पडेपर्यंत कधी रात्रही उलटून जाते.

अशा जखमेत वेळ फार महत्त्वाचा. पक्ष्याची कातडी कागदासारखी पातळ असते. फाटली की काही तासांत तिच्या कडा आत आखडतात, वाळतात, काळ्या पडतात. मेलेली कड कापून काढावी लागते, पण जास्त कापली तर झालर कायमची आखूड होते आणि आखूड झालरीचा पंख पुरता उघडत नाही. म्हणून मी कोमट सलाइननं जखम भिजवते, वाळलेलं जेवढं मऊ होईल तेवढं होऊ देते आणि मगच कात्री हातात घेते. जखमेभोवतीची बारीक पिसं उपटायची, पण उड्डाणाच्या लांब पिसांना हात लावायचा नाही, कारण ती हाडाला घट्ट धरून असतात. आधी कंडरेची दोन टोकं जुळवायची, मग झालरीची खालची कातडी, मग वरची. दोरा डोळ्याच्या शस्त्रक्रियेला वापरतात तसा बारीक. हे सगळं करताना मदतनीसानं पंख उघडा धरून ठेवायचा, कारण मिटलेल्या पंखावर घातलेले टाके उघडल्यावर ताणून फाटतात.

गायीवर हात बसलेल्या डॉक्टरला पक्ष्याशी वागायला नव्यानं शिकावं लागतं. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत-बाहेर होते. बिचारी पडेल म्हणून कोणी घारीला छातीशी घट्ट आवळून धरलं तर ती हातातच गुदमरते. जिच्या पंखाला फक्त ओरखडा होता अशी घार प्रेमानं आवळून मेलेली मी पाहिली आहे. शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश, म्हणजे आपल्याला कडक ताप वाटेल ते तिचं नेहमीचं. भूल दिली की ते झपाट्यानं उतरतं, म्हणून टेबलावर गरम पाण्याच्या बाटल्या लागतात आणि स्पिरिट फार ओतायचं नसतं. घारीचं वजन पाऊण किलोच्या आसपास आणि रक्त त्याच्या दहाव्या भागाहून थोडं कमी, टपरीवरच्या कटिंग चहाइतकं. गायीच्या शस्त्रक्रियेत आपण जेवढं रक्त कापसानं सहज पुसून टाकतो तेवढ्यात घार संपते.

भुलेसाठी पक्ष्यांना सगळ्यांत सुरक्षित म्हणजे नाकावर मुखवटा लावून दिलेलं आयसोफ्लुरेन. ते पटकन चढतं आणि बंद केलं की पटकन उतरतं. त्याचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात क्वचितच असतं, माझ्याकडंही नाही. म्हणून कातडी आणि स्नायूंचं काम मी इथं करते आणि हाड मोडलेला पक्षी, त्याला सावरून, वन विभागाच्या परवानगीनं पुण्याला पाठवते. तिथं बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू ही संस्था मिळून वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र चालवतात. विदर्भात नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर असं केंद्र आहे.

हाडाचं प्रकरण पक्ष्यात अवघड का, तेही सांगते. उडायचं तर वजन कमी हवं, म्हणून पक्ष्याची बरीच हाडं आतून पोकळ आणि भिंतीला अगदी पातळ असतात. पिन जरा जोरात घातली तर हाड काचेसारखं तडकतं. खांद्याजवळचं, म्हणजे आपल्या दंडाच्या जागचं हाड तर सरळ हवेच्या पिशवीशी जोडलेलं असतं. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना लागून अशा पिशव्या असतात आणि श्वासाची हवा त्यांतून फिरते. हे हाड मोडून बाहेर आलं असेल आणि जखम धुवायला कोणी त्यात पिचकारीनं सलाइन सोडलं, तर ते पाणी पिशवीतून थेट श्वसनमार्गात उतरतं. पंखाच्या जखमेतून पक्षी बुडतो.

याच रचनेचा उपयोगही होतो. श्वासनलिका बंद झालेल्या पक्ष्याच्या कुशीत बारीक नळी घालून मागच्या हवेच्या पिशवीतून त्याला श्वास घ्यायला लावता येतो. मला पहिल्यांदा हे वाचून विश्वासच बसला नव्हता.

दंडाचं हाड नुसत्या पट्टीनं नीट जुळत नाही, कारण छातीचे ताकदवान स्नायू तुटलेली टोकं ओढत राहतात. हाडाच्या पोकळीत एक सळई आणि बाहेरून आडव्या पिना, दोन्ही बाहेरच्या एका दांड्याला बांधून टाकायच्या, ही पद्धत आज जगभर वापरतात. ती रुजवण्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या रॅप्टर सेंटरचे पॅट्रिक रेडिग यांचा मोठा वाटा आहे. ते केंद्र १९७४ साली सुरू झालं, शिकारी पक्ष्यांच्या शस्त्रक्रियेचं बरंच ज्ञान तिथून आलेलं आहे. कोपरापुढच्या दोन हाडांपैकी एकच मोडलं असेल तर मात्र नशीब चांगलं. शाबूत हाड मोडक्याला आधार देतं आणि पंख अंगाशी मिटवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधली की काम होतं. पक्ष्याचं हाड जुळतंही लवकर, साधारण तीन आठवड्यांत. सांध्याजवळ मोडलेलं हाड मात्र जुळलं तरी सांधा आखडतो, आणि तिथं मी फारशी आशा देत नाही.

विजेच्या तारांचा घाव वेगळाच. मोर किंवा चित्रबलाकासारखा मोठा पक्षी दोन तारांना एकदम टेकला की वीज अंगातून जाते. पहिल्या दिवशी पंखावर करपल्याची लहानशी खूण दिसते, पक्षी उभा असतो, पाणीही पितो. आणणाऱ्याला वाटतं, वाचला. चार-सहा दिवसांनी पंखाचं टोक गार पडायला लागतं, मग वाळून लाकडासारखं होतं, कारण आतल्या रक्तवाहिन्या त्याच क्षणी जळालेल्या असतात. अशा पक्ष्याबद्दल पहिल्या आठवड्यात मी कोणालाही शब्द देत नाही. आणि माळढोकासारखा जड पक्षी तर तारेवर आदळूनच मरतो. त्याला समोरचं फार कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. आमचा कर्जत-श्रीगोंद्याचा माळ आणि सोलापूरकडचा भाग मिळून १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, तेव्हा ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आज माळढोक दिसणं ही आमच्याकडं दंतकथा होत चालली आहे. तो पक्षी उपचाराला येण्याची वाट मी पाहत नाही. त्याच्यासाठी करायचं काम दवाखान्यात नसून माळावर आणि तारांवर आहे.

आता टाके घातल्यानंतरचं. इथं सगळ्यांत जास्त पक्षी हातचे जातात, आणि यावर लोकांचं लक्ष सगळ्यांत कमी असतं.

पंख बांधून ठेवला की सांधा आखडतो. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी पट्टी सोडून, हलकी भूल देऊन, पंख हळूहळू उघडावा आणि मिटावा लागतो. पक्षी जागा असताना ओढाताण केली तर जुळत आलेलं हाड पुन्हा मोडतं. पिंजरा जाळीचा नको, कारण जाळीवर आपटून शेपटीची पिसं झिजतात. पक्ष्याला माणूस दिसू नये म्हणून भिंती झाकलेल्या हव्यात. घार, शिक्रा, घुबड यांना बसायला दिलेली गुळगुळीत लोखंडी नळी दोन आठवड्यांत तळपाय खराब करते. तळव्याला आधी लाली, मग गाठ, मग आत पू. या आजारानं, पंख पूर्ण बरा झालेला पक्षी निव्वळ पायामुळं मरतो. मी बसायच्या काठ्यांना काथ्याचा दोर गुंडाळते आणि काठ्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेवते. खर्च जवळजवळ शून्य.

खाण्याचंही तसंच. शिकारी पक्ष्याला नुसतं मऊ मटण देणं म्हणजे उपासमारीचाच प्रकार. त्याला हाडं, केस, पिसं यांसकट अख्खं भक्ष्य लागतं. हाडांतून कॅल्शियम मिळतं आणि न पचलेला भाग तो गोळी करून ओकून टाकतो. उन्हाळ्यात वादळानं घरट्यातून पडलेली घारीची पिल्लं मुलं घरी नेऊन वाढवतात, आणि महिन्या-दीड महिन्यानं माझ्याकडं आणतात तेव्हा त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले असतात. वर ते पिल्लू माणसाच्या हाताकडं तोंड उघडून धावतं. पाय कधीकधी सुधारतात. माणसाची सवय सुटत नाही. घरटं सापडलं तर पिल्लू परत घरट्यात ठेवावं. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते, हा समज खोटा आहे.

पिसांचं शास्त्र मला सगळ्यांत आवडतं. पीस मुळातून उपटलं गेलं तर नवं येतं, पण मधूनच तुटलं तर पुढची पीसझड होईपर्यंत तसंच राहतं, म्हणजे कदाचित वर्षभर. त्यावर ससाणे पाळणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी तोड काढली. मेलेल्या त्याच जातीच्या पक्ष्याचं, त्याच जागचं पीस घ्यायचं, दोन्ही पिसांच्या पोकळ दांड्यांत बांबूची तासलेली काडी बसवायची आणि जोडून टाकायचं. पिसाच्या दांड्याला संवेदना नसते, त्यामुळं पक्ष्याला दुखत नाही. अशा पिसांवर पक्षी उडतो आणि पीसझडीत ते आपोआप गळून खरं पीस येतं. आपल्याकडंही हे ज्ञान जुनं आहे. कुमाऊँच्या रुद्रदेव राजाच्या नावावर असलेल्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात बहिरी ससाणे पाळण्याबरोबर त्यांच्या आजारांवरचे उपचारही आहेत. शिकारीच्या हौसेपायी जमवलेली ती विद्या आज पक्षी सोडून देण्यासाठी वापरता येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि शेवटी उडण्याचा सराव. तीन-चार आठवडे बसून राहिलेल्या घारीची छाती चाचपली की मधलं हाड सुरीसारखं हाताला लागतं, दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं असतं. ती पिंजऱ्यात या काठीवरून त्या काठीवर गेली म्हणून सोडून द्यायची नसते. तिला लांबलचक पिंजरा हवा, किंवा पायाला हलकी लांब दोरी बांधून मोकळ्या माळावर रोज उडवायला हवं. चढ घेते का, दोन्ही बाजूंना सारखी वळते का, उतरल्यावर तोंड उघडून धापा टाकते का, हे पाहायला हवं. दिल्लीत वजिराबादला नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ मांजानं कापलेल्या घारींवर वर्षानुवर्षं उपचार करत आहेत. पशुवैद्यकाची पदवी नसताना, व्यायामशाळेत स्नायूंबद्दल जे शिकले त्या जोरावर त्यांनी कापलेले स्नायू आणि कंडरा जोडायला सुरुवात केली. त्यांच्यावरचा शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२३ साली ऑस्करच्या अंतिम यादीत होता. जमलं तर जरूर पाहा. तळघरातल्या त्या जागेत घारींच्या खोक्यांमध्ये ते दोघे जसे वावरतात, तसं वावरणं कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत.

सोडायचं कुठं आणि कधी, हाही उपचाराचाच भाग. शक्यतो सापडला तिथंच, कारण पाणी, भक्ष्य, रात्रीची जागा त्याला तिथली माहीत असते. घार सकाळी सोडायची, घुबड तिन्हीसांजेला. हिवाळ्यात आमच्या माळांवर मध्य आशियाकडून भोवत्या येतात, गवतावरून खालून खालून तरंगत शिकार करणारे देखणे पक्षी. ते मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. जानेवारीत जखमी झालेला भोवत्या मे महिन्यात बरा झाला तर त्याचे सोबती निघून गेलेले असतात. मग त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत सांभाळायचं की सोडायचं, याचं सोपं उत्तर नाही. मी सांभाळावं या मताची आहे, पण त्यासाठी जो पिंजरा आणि जो माणूस लागतो तो प्रत्येक तालुक्यात नसतो.

गव्हाणी घुबडाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. जुन्या विहिरीत, वाड्यात, साखर कारखान्याच्या गोदामात ते राहतं आणि उसातले उंदीर खातं. तरी अपशकुनी म्हणून त्याला दगड मारतात, आणि दगडानं डोळा फुटलेली घुबडं माझ्याकडं येतात. उसाच्या जिल्ह्यानं घुबडाला दगड मारावा याचं मला फार वाईट वाटतं. एक डोळा गेलेलं घुबड कधीकधी सोडता येतं, कारण ते कानानंही शिकार करतं. पुरंदर तालुक्यात पिंगोरीला इला फाउंडेशननं २०१८ साली घुबड महोत्सव भरवला, तिथं शाळेतल्या मुलांनी घुबडांची चित्रं काढली. तसा एक आपल्या जिल्ह्यात व्हावा असं मला फार वाटतं.

काही पक्षी वाचवायचे नसतात, हेही मला सांगितलं पाहिजे. पंख सांध्यातून गेलेली घार जगू शकते, पण पिंजऱ्यात. मैलोन् मैल तरंगणाऱ्या जिवाला पंधरा-वीस वर्षं कोपऱ्यात बसवून ठेवणं याला मी जीवदया मानत नाही. एका पायाच्या शिकारी पक्ष्याचा दुसरा तळपायही काही दिवसांत सडतो. अशा वेळी वेदनेविना मरण देणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि ते वन विभागाला कळवून, रीतसर नोंद करूनच करायचं असतं. आणणारी पोरं रडतात. मी त्यांना बाहेर पाठवत नाही, समजावून सांगते.

तुम्हाला पक्षी सापडला तर काय कराल? त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. दूध-पाव, भात, काही खाऊ घालू नका. टॉवेल टाकून दोन्ही पंख अंगाशी मिटवून उचला, छाती आवळू नका, शिकारी पक्ष्याच्या चोचीपेक्षा नख्यांना जपा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधारात आणि शांत ठेवा. अंधार हेच त्याचं पहिलं औषध आहे. मांजा ओढून काढू नका, जखमेपासून वीतभर अंतरावर कापा आणि अंगातला तसाच राहू द्या. तार किंवा खांबावर लटकलेल्या पक्ष्यासाठी स्वतः चढू नका, महावितरणला किंवा अग्निशमन दलाला कळवा. आणि घरी ठेवून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ताब्यात आलेल्या वन्यजीवाची माहिती ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वन खात्याला देणं बंधनकारक आहे, आणि पक्ष्याच्या दृष्टीनं ४८ तास फार होतात.

यंदा संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी लांब काठीला विळा बांधून आपल्या गल्लीतल्या झाडांवरचा मांजा उतरवा. विजेच्या तारांजवळचा सोडा, ते महावितरणच्या माणसांचं काम आहे. उतरवलेल्या मांजाचे बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका, नाहीतर तोच घरट्यात जातो आणि पिल्लांचे पाय कापतो. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तो आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.